लॉरेन्स तुस्कानोने पसंत केलेला माउस

माझा राग चटकन चढतो आणि उतरायला वेळ लावतो, हे माणिकपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या बायकोला, मॅग्डलीनला, तर ते एकोणचाळीस वर्षं ठाऊक आहे. पण मी उगाच कोणावर डाफरत नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू धड नसली की माझं डोकं फिरतं, आणि ते फिरायलाच हवं असं माझं मत आहे. ज्याचं फिरत नाही त्याने दुकानात जाऊच नये.

ठाण्याच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात काढली. लेथवरून उतरलेला नग माझ्या टेबलावर यायचा. मापात बसला तर पुढे, नाही बसला तर त्यावर लाल ठिपका आणि थेट भंगारात. एकदा मॅनेजर स्वतः खाली येऊन म्हणाले, "तुस्कानो, या वेळी जरा चालवून घ्या." मी म्हणालो, "साहेब, सही तुम्ही करा, मी करणार नाही." त्यांनीही केली नाही. निवृत्त झालो तरी ही सवय काही सुटली नाही. पंप घ्यायचा असो, मिक्सर घ्यायचा असो, गावातली माणसं आधी माझ्याकडे येतात. लॉरेन्सने चांगली म्हटलं की वस्तू चांगली, असा माझा लौकिक. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

दोन हजार सातच्या जूनमध्ये आमच्या युवा मंडळाचा आग्नेल घरी आला. चर्चच्या हॉलमागच्या खोलीत या मुलांनी सात जुने कॉम्प्युटर जमवले होते. आठवडाभर संध्याकाळी टायपिंगचे वर्ग आणि रविवारी मिस्साच्या प्रार्थनेनंतर खेळ. खेळ म्हणजे काय, तर पडद्यावर बंदूक घेऊन एकमेकांच्या मागे धावायचं. फादरांना ते फारसं पसंत नव्हतं, पण मुलं मिस्साला वेळेवर यायला लागली म्हणून तेही गप्प बसले.

"अंकल, माळ्यावरच्या उंदरांनी तिसऱ्यांदा माउसच्या वायरी खाल्ल्या," आग्नेल म्हणाला. "आता बिनवायरीचेच घ्यायचं ठरलंय. पण मंडळाकडे पैसे बेताचेच. चांगल्या कंपनीचा गेमिंग माउस दोन हजारांच्या पुढे आहे. तुम्ही चला ना. आम्हाला दुकानदार गुंडाळतो."

मी गेलो. सोबत माझी नात प्रियल. माझ्या रेमंडची ही मुलगी नुकतीच अकरावीत गेली होती, आणि त्या बंदुकांच्या खेळात तिच्या तोडीचा गडी साऱ्या मंडळात नव्हता.

स्टेशनच्या रस्त्यावर विघ्नेश नावाच्या तरुणाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. पोरगा गोड बोलायचा. त्याने काउंटरवर चार प्रकारचे माउस मांडले. सगळे सहाशे-सातशेच्या आतले, सगळ्यांत दोन-दोन पेन्सिल सेल आणि कॉम्प्युटरला लावायचा बोटाएवढा रिसीव्हर. मी एकेक उचलून हातात तोलला.

हे तोलणं आमच्या घरात पिढीजात आहे. आमची केळीची वाडी होती. माझा बाप केळ्यांचा अख्खा लोंगर एका हाताने उचलून वजन सांगायचा आणि नंतर काट्यावर अर्ध्या किलोचाही फरक पडायचा नाही. नारळ असो, दुधी असो, हातात जड लागला म्हणजे आत माल आहे, हलका लागला म्हणजे पोकळ. हे मला शाळेच्या आधी शिकवलेलं. कारखान्यात मायक्रोमीटर हातात आला तरी मी नग आधी तळहातावर घ्यायचो.

चारांतला एक चांगला जड होता. पाठीवर ड्रॅगन छापलेला, अंगाला मऊ रबरासारखा लेप, पोटात लाल दिवा. हातात कसा भरून यायचा.

"हाच," मी म्हणालो.

"आजोबा, तो पलीकडचा बरा वाटतोय," प्रियल म्हणाली. "हलका आहे. तासभर खेळलं तर मनगट दुखत नाही."

"हलकी वस्तू टिकत नाही," मी म्हणालो, आणि तो विषय तिथेच संपला. सात मंडळासाठी घेतले आणि एक घरासाठी. विघ्नेशने माझं नाव विचारलं, मी कुठे काम केलं ते विचारलं आणि फार आदराने मान डोलावली. त्याला एवढं काय कौतुक, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ऑक्टोबरात घरचा माउस बिघडला.

"आजोबा, हा एकदा दाबला की दोनदा दाबल्यासारखं करतो," प्रियल म्हणाली. "आणि धरून ठेवला की मध्येच सुटतो."

मी हातात घेतला. सगळं अंग चिकट लागत होतं. बोट ठेवलं तर बोटाचा ठसा उमटत होता.

"हात न धुता बसतेस. जॅम लागलाय याला."

"मी हात धुवूनच बसते."

"आणि आपटलास कधी?"

"नाही आपटला."

घरात सगळे जेवायला बसले होते. रेमंड होता, सून होती, मॅग्डलीन वाढत होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "प्रियल, ही वस्तू मी स्वतः पसंत केली आहे. चार महिन्यांत ती आपोआप बिघडणार नाही. खेळात हरलीस की राग येतो, तेव्हा आपटला असशील. कबूल कर, मी एका शब्दाने बोलणार नाही. पण खोटं मला चालत नाही."

"मी खोटं बोलत नाही, आजोबा."

"मग कबूल करेपर्यंत हॉलवर जायचं नाही."

मला वाटलं, दोन दिवसांत येईल, रडेल, सॉरी म्हणेल. ती आली नाही. रडलीही नाही, निदान माझ्यासमोर नाही. रविवारी मिस्सा संपला की बाकीची मुलं हॉलकडे वळायची आणि ही माझ्यासोबत सरळ घरी यायची, एक शब्द न बोलता. नोव्हेंबरात आगाशीच्या मंडळाबरोबर त्याच खेळाचा सामना होता, त्यात तिला मुख्य खेळाडू म्हणून घेतलं होतं. त्या दिवशीही ती घरात बसली. आमची मुलं हरली. रेमंड मला म्हणाला, "पप्पा, जाऊ द्या ना, सहाशे रुपयांची तर वस्तू." मी त्याला म्हणालो, "प्रश्न सहाशे रुपयांचा नाही, शब्दाचा आहे." आणि शब्द कोणाचा, तर अर्थातच माझा. तिचाही काही शब्द असतो, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. आज मला याची लाज वाटते. पण तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. पोरीला वळण लावतोय असं वाटत होतं.

सहा रविवार असे गेले. सातव्या रविवारी दुपारी आग्नेल एक पिशवी घेऊन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग पिशवी टेबलावर ठेवून म्हणाला, "अंकल, राग मानू नका. सातांतले पाच गेले."

"गेले म्हणजे?"

"एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं होतं. आणि सगळे चिकट झालेत. दोन माउसमधल्या सेलच्या स्प्रिंगा गंजल्या. मुलं आदळआपट करतात, तसं असेल." तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मला वाईट वाटू नये म्हणून तो बिचारा सगळा दोष मुलांवर घालत होता.

आणि मी काय म्हणावं? मी म्हणालो, "आदळतच असणार. आमच्या घरीही तेच झालंय."

मॅग्डलीन मागच्या पडवीत सरंगा मासा साफ करत होती. ती पाचूबंदरच्या कोळ्यांची लेक. तिने तिथूनच विचारलं, "सहाच्या सहा पोरांनी एकाच जागी आदलले काय?"

मी पिशवीतला एक माउस उचलून हातात तोलला.

"तुमी सगला नारल समजून उचलून बघता," ती म्हणाली. "आमी मासा कधी वजनावर घेत नाय. वजन काय, बर्फाचा पानी पन वाढवते. कल्ला उघडून बघायचा, आत लाल हाय का काला. तुमी उघडून बघितला काय?"

नव्हता बघितला. चौतीस वर्षं इन्स्पेक्शन करणाऱ्या माणसाने एकही माउस उघडून बघितला नव्हता. मी उठलो, बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. पोटाखालच्या स्टिकरखाली स्क्रू होता. स्टिकर फाडला, स्क्रू काढला, झाकण उचललं.

आत अर्धा डबा रिकामा. एका कोपऱ्यात छोटंसं सर्किट. बटणाखालचा स्विच इतका हलका की नखाने दाबला तर डुगडुगत होता, आणि त्यातली पत्र्याची पट्टी चॉकलेटच्या चांदीच्या कागदाहून जरा जाड, बस्स. पण तळहात जिथे टेकतो बरोबर तिथे, गोंदाने चिकटवलेली लोखंडाची एक चौकोनी पट्टी होती. तिला ना वायर, ना स्क्रू, ना कसलं काम. ती फक्त जड होती.

मी ती उपटून काट्यावर ठेवली. बेचाळीस ग्रॅम. रिकामा माउस ठेवला, तो तिच्यापेक्षा थोडासाच जास्त भरला. दुसरा उघडला, तिसरा उघडला. सगळ्यांत तीच पट्टी, सगळ्यांत तोच स्विच, आणि स्विचची पट्टी सगळ्यांत एकाच जागी दबलेली.

वस्तू स्वस्त आहे याचा मला राग नव्हता. स्वस्त वस्तूही प्रामाणिक असू शकते. आमच्या घरी नव्व्याण्णव साली कॉम्प्युटरबरोबर आलेला वायरचा माउस तेव्हा आठ वर्षं चालत होता, त्याच्या पोटात फिरणारी गोळी होती, ती अधूनमधून पुसली की झालं. राग याचा होता की कोणीतरी, कुठेतरी, टेबलावर बसून विचार केला होता. स्विच चांगला बसवायला चार रुपये लागले असते, ते वाचवले. आणि गिऱ्हाइकाच्या हाताला बरं वाटावं म्हणून लोखंडावर खर्च केले. म्हणजे माणूस वस्तू हातात घेऊन कशी पारखतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वस्तू टिकावी म्हणून नव्हे, विकली जावी म्हणून त्यांनी डोकं चालवलं. ज्याच्याकडे दोन हजार नाहीत त्याला असं लुबाडायची परवानगी यांना दिली कोणी?

प्रियल आतल्या दारात उभी होती. तिने ते उघडे माउस पाहिले, पट्ट्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "त्या विघ्नेशला आज सोडत नाही." पायांत चपला घातल्या आणि माउस, पट्ट्या सगळं पिशवीत भरून निघालो. दुसऱ्यावर चिडणं किती सोपं असतं!

रविवार असूनही दुकान उघडं होतं. दाराशी पोहोचलो आणि जागच्या जागी थांबलो. काचेवर आतून पुठ्ठा लावला होता. ड्रॅगनवाल्या माउसचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत: 'तज्ज्ञांची पसंती! ३४ वर्षांचे अनुभवी इन्स्पेक्टर श्री. लॉरेन्स तुस्कानो, माणिकपूर, यांनी स्वतः तपासलेला माउस.'

जूनपासून तो तिथे होता. मी त्या रस्त्याने क्वचित जातो आणि कोणी मला सांगितलंही नाही. सांगणार कशाला? माझी परवानगी असेल असंच सगळ्यांना वाटलं असणार.

"या सर, या," विघ्नेश उठून उभा राहिला.

मी पिशवी काउंटरवर उपडी केली. लोखंडाच्या पट्ट्या काचेवर वाजल्या.

"हे काय आहे?"

त्याने एक पट्टी उचलून पाहिली. त्याला खरंच ठाऊक नसावं असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं. पण लगेच सावरून म्हणाला, "सर, तुम्ही सील तोडलंत. वॉरंटी एक वर्षाची आहे, पण सील फाटलं की कंपनी घेत नाही."

"न उघडता आत काय आहे ते कळणार कसं?"

"उघडायचं नसतंच, सर."

"म्हणजे आंधळ्याने बघितलं तर वॉरंटी, डोळसाने बघितलं तर नाही?"

"सर, रागावू नका. सहाशे-साडेसहाशेत काय येणार? लोक सहा महिने वापरतात आणि नवा घेतात. कोणी तक्रार करत नाही."

"तक्रार करत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपल्याच हातून बिघडला!"

त्याने आवाज खाली आणला. "एक काम करतो. तुमचे आठच्या आठ बदलून देतो, माझ्या खिशातून. नवे, डबाबंद. तुमच्या नावावर पन्नासेक नग गेलेत, तेवढं मी नक्कीच करीन. फक्त हा बोर्ड राहू द्या. नाताळचा सीझन आहे."

मी उत्तर देणार तेवढ्यात एक बाई आत आल्या. पस्तिशीच्या, खांद्याला ऑफिसची पर्स. "ड्रॅगनवाला माउस आहे ना?" त्यांनी विघ्नेशला विचारलं. "आधीचा मोडला. तोच द्या, बोर्डावरचा."

"बाई, तो घेऊ नका," मी म्हणालो.

"का हो? तो तर तपासलेला आहे."

"मीच तपासला. मी लॉरेन्स तुस्कानो. मी चुकलो." हे दोन शब्द मी उभ्या आयुष्यात किती वेळा उच्चारले असतील, एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. "वस्तू खोटी आहे. हे बघा, आत नुसतं लोखंड भरलंय. एकदा दाबला की दोनदा दाबल्यासारखं करतो, अंग चिकट होतं. तुमचाही असाच बिघडला ना?"

बाई काउंटरवरच्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. त्यांनी आपलं नाव सांगितलं, विनया. पलीकडच्या सोसायटीत राहतात, मूळच्या राजापूरच्या.

"असाच," त्या म्हणाल्या. "अगदी असाच. माझी आर्या सांगत होती, आई, मी काही नाही केलं. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाने तपासलेली वस्तू चार महिन्यांत कशी मोडेल? तूच फेकला असशील." त्यांनी पर्सचा पट्टा घट्ट धरला. "मी मारलं हो तिला. दोन थोबाडीत दिल्या. तेरा वर्षांची आहे. आधी कधी हात उचलला नव्हता."

या पोरीच्या आईला मी जो दोष दिला असता, तो खरा माझाच होता. माझं नाव त्या काचेवर होतं, आणि ते नाव खरं धरायचं म्हणून एका लेकीला खोटं ठरवलं गेलं होतं. पन्नास घरांत आणखी काय काय झालं असेल, कोण जाणे.

मी काचेमागे हात घालून पुठ्ठा ओढून काढला. विघ्नेश "सर, सर" करत राहिला. मी पुठ्ठ्याचे चार तुकडे केले आणि म्हणालो, "तुझे आठ नग तुझ्याकडेच ठेव. आणि माझं नाव पुन्हा कुठे लागलेलं दिसलं तर या दारात खुर्ची टाकून बसेन आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकेक माउस उघडून दाखवीन."

"बाई, आर्याला सांगा, चूक माझी होती," मी विनयाबाईंना म्हणालो.

"तुमची चूक तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण नरमाईही नव्हती. "माझी मला सांगायची आहे. तीच कशी सांगू, ते कळत नाहीये."

त्या निघून गेल्या. त्यांना काय कळत नव्हतं, ते मला नेमकं कळलं, कारण मीही तेच टाळून घरातून निघालो होतो. रिक्षा न करता मी चालत परत आलो. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्यात कुठून तरी विघ्नेश यायचा, कंपनी यायची, लोखंड यायचं. त्यांना वगळून वाक्य बनत नव्हतं.

प्रियल पडवीच्या पायरीवर बसून अभ्यास करत होती. मी तिच्या शेजारी बसलो. गुडघे दुखतात, पण बसलो.

"प्रियल, तू खरं बोलत होतीस," मी म्हणालो. "मी सगळ्यांसमोर तुला खोटारडी ठरवलं. आज रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगतो, मी चुकलो. मला माफ कर."

तिने वही मिटली.

"आजोबा, तुम्ही माउस उघडलात म्हणून तुम्हाला कळलं," ती म्हणाली. "आणि उघडला नसतात तर?"

मला तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगता आलं असतं. आज ना उद्या कळलंच असतं, असं. पण खोटं मला चालत नाही, हे मीच तिला ऐकवलं होतं.

"तर मी तुझ्यावर विश्वास ठेवला नसता," मी म्हणालो.

"सहा रविवार मी त्या विश्वासाचीच वाट बघत होते," ती म्हणाली. "माउस उघडण्याची नाही."

ती वही घेऊन आत गेली. मी तिला हाक मारली नाही.